पाण्याने न सुटणारा बैल

शालिकरामचा बैल लंगडा झाला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी फाटकापाशी धावलो, कारण शेजाऱ्याने हाक मारल्यावर जो माणूस दाढी पूर्ण करून जातो तो शेजारी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नसतो, असं माझं मत आहे. माझी बायको उत्तरा हिचं मत असं की मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला साबण पुसण्याइतकाही धीर नसतो. पण गोष्ट मी सांगतो आहे, ती नाही.

बैल लाकडी आहे हे आधी सांगून टाकतो. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा आणि लाकडी बैलांचा लेकरांचा. मुलं चाकं लावलेले नंदी सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघर ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करतात. बहुतेक मुलांचे नंदी वीतभर असतात. शालिकरामचा माझ्या कमरेला लागतो. सागवानी, चांगला वशिंडदार, रामटेकजवळच्या त्यांच्या गावच्या सुताराने घडवलेला आणि चाकांच्या जाड फळीवर उभा केलेला. तो बारा महिने अंगणात उघड्यावर असतो. पावसात लाकूड खराब होतं, घरात घ्या, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर तुम्ही बैल हॉलमध्ये बांधता काय, असं त्यांनी मला विचारलं. शालिकरामनी उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी काढली, पण मनाने ते अजून शेताच्या धुऱ्यावरच उभे असतात.

तर या नंदीचा पुढचा डावा पाय फळीच्या खाचेतून निसटला होता. एरवी कोणी घाई केली नसती. पण पोळा तोंडावर आला होता आणि तान्हा पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी शालिकराम आणि रुखमाबाई कायमचे हैदराबादला मुलाकडे, रोहितकडे, जाणार होते. घर विकलं होतं, ट्रक ठरला होता. दिवाण, कपाटं, शिलाई मशीन सगळं त्यांनी वाटून टाकलं, पण बैल जायचाच होता. तिकडे नातीला, हर्षाला, पोळा कोण दाखवणार? बैल नेला तर पोळा नेला, असा साधा हिशेब होता. त्यांच्या जाण्याबद्दल मला काय वाटतं हे कोणी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी सरकारी हिशेब तपासण्यात जन्म घालवलेला माणूस. आमच्या कचेरीत 'वाटणं' या सदराखाली काही दाखवायची सोय नव्हती.

सोपा उपाय खिळ्याचा होता. मी तो सुचवला.

"मधुभाऊ," शालिकराम म्हणाले, "बैलाच्या पायात खिळा ठोकाले सांगून राहिले तुमी मले?"

मी म्हटलं, खऱ्या बैलांना नाल ठोकतात तेव्हा खिळेच तर मारतात. ते म्हणाले, नाल खुरात बसते, मांडीत नाही, आणि ऑडिटवाल्याने बैलाच्या तब्येतीत पडू नये. आता हा अपमान मुकाट गिळून मी दाढी पूर्ण करायला गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस अपमान झाला की मदतीला धावतो. मी म्हणालो की पाय मी जोडून देतो, खिळ्याशिवाय, नुसत्या डिंकाने, आणि असा जोडतो की पुन्हा सुटायची बात नाही. हे माझं वाक्य नंतर कॉलनीत फार गाजलं.

डिंकातलं आपल्याला काही कळत नाही असं मानणारा एकही माणूस मला त्या आठवड्यात भेटला नाही. शोभाताई या आमच्या तान्हा पोळा समितीच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सुतारांचा नेहमीचा पांढरा डिंक सांगितला, कारण त्यावर त्यांचा सोफा इतकी वर्षं उभा आहे. मी म्हटलं, ताई, तुमचा सोफा पंख्याखाली असतो, हा बैल पावसात असतो, शिवाय पोळ्याच्या दिवशी शालिकराम त्याला पाइपाने आंघोळ घालतात. त्या म्हणाल्या, आंघोळीचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही. समोरच्या रुपरावांनी सरस सांगितला. त्यांच्या आजोबांच्या बैलगाडीचे सगळे सांधे म्हणे सरसाने धरले होते. सरस उत्तमच, फक्त तो जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात, हे त्यांनी शालिकरामच्या समोर सांगायला नको होतं. बैलाचा पाय बैलाच्याच हाडाने चिकटवायचा या कल्पनेने शालिकराम चहा अर्धा टाकून उठून गेले. मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, मी पूर्ण शाकाहारी डिंक आणीन, असा शब्द द्यावा लागला.

मग मी जरीपटक्याच्या बाजारात गेलो. तिथे हार्डवेअरच्या एका जुन्या दुकानात काउंटरवरच्या शेठने चष्मा वर न करता विचारलं, "अंदर का काम है के बाहर का?" मी म्हटलं, बाहेरचं. "पानी लगेगा?" मी म्हटलं, पाऊस लागेल आणि आंघोळ. तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. वस्तू काय आहे हे मी सांगितल्यावर दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही जवळ सरकली. त्यातून मला एवढं कळलं की डिंकांची जात दोन तऱ्हेची असते. काही डिंक पाणी थोडा वेळ सोसतात, पाहुण्यांना सोसावं तसं, आणि मग सोडून देतात. काहींना पाण्याचं काहीच वाटत नाही. दोघांच्याही बाटलीवर मात्र छातीठोकपणे 'वॉटरप्रूफ' असंच लिहिलेलं असतं. मी तपासनीस असल्यामुळे बाटलीवरच्या शब्दावर विश्वास ठेवणं माझ्या रक्तात नाही. मी तीन वेगवेगळे डिंक घेऊन घरी आलो, पांढरा, दोन नळ्या एकत्र कालवायचा आणि एक मधासारखा तपकिरी.

चांगलं प्लायवूड उकळत्या पाण्यातही सुटत नाही असं सांगून विकतात. प्लायवूड उकळता येतं तर बैलाचा पाय का नाही? मी सागाचे तुकडे आणले, प्रत्येक डिंकाने एकेक जोडी चिकटवली, वाळू दिली आणि उत्तराच्या कुकरमध्ये खालच्या भांड्यात लावली. वरच्या भांड्यात वरण होतं, कारण गॅस वाया घालवणं मला आवडत नाही. पांढऱ्या डिंकाने वाफ येताच शरणागती पत्करली. कालवायचा डिंक परीक्षेत पास झाला, पण तो कालवताना दोन्ही नळ्या समसमान निघायला हव्यात आणि हात भराभर चालायला हवा. माझी शिल्लक वाटीतच घट्ट झाली, चमच्यासकट. तपकिरी डिंकाला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. वरणाला कसला वास येतो याची चौकशी उत्तराने दोन घास खाल्ल्यावर केली, आणि त्यानंतर आमच्याकडे काही दिवस कुकर कुलपात होता.

निकाल मी शालिकरामना जाऊन सांगितला. म्हटलं, हा डिंक पाण्याला भीत नाही. तुम्ही खुशाल आंघोळ घाला. हे मी त्यांना रोज सांगत होतो, फाटकावरून, गच्चीवरून, भाजीवाल्यासमोर. 'वाळल्यावर' हा एक शब्द त्यात घालायचा राहिला, एवढीच काय ती माझी चूक.

परीक्षा घेण्यात आठवडा गेल्यामुळे प्रत्यक्ष काम पोळ्याच्या सकाळवर आलं. शालिकरामच्या घरात खोकी रचलेली, म्हणून बैल ढकलत आमच्या दारापुढच्या ओट्यावर आणला होता. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की डिंक अगदी थोडा लावावा, ओलावा मिळाला की तो फुगतो आणि फटी भरून काढतो. थोडा लावावा हा मला कंपनीचा विनय वाटला. शिवाय सरकारी नोकरीत मंजूर झालेली रक्कम पूर्ण खर्च करायची असते, उरली तर वरून विचारणा होते. मी बाटली पालथी केली. पाय खाचेत बसवला, दोरीने आवळला, बैलाच्या पाठीवर उत्तराचा पाटा ठेवला आणि समाधानाने आंघोळीला गेलो.

आंघोळ करताना मला बाहेर पाण्याचा आवाज आला. कोणी तरी गाडी धुवत असेल असं वाटून मी एक अभंगही म्हटला.

बाहेर आलो तर शालिकराम स्वच्छ धोतर नेसून, पाइप हातात धरून आमच्या ओट्यावर उभे होते. पोळ्याची सकाळ म्हणजे बैल धुवायची वेळ, आणि पाण्याला न भिणारा डिंक मीच लावलेला. बैलाच्या पायातून पिवळा फेस उतू गेलेल्या दुधासारखा वर येत होता. तो फळीवरून खाली उतरला, चाकांना वेढा घालून ओट्यावर पसरला. फेस दिसला म्हणून शालिकराम तो धुवून काढायला आणखी पाणी सोडत होते, आणि पाणी मिळालं म्हणून फेस आणखी फुगत होता.

"फेस बैलाच्या तोंडाले येते, मधुभाऊ," ते काळजीने म्हणाले. "पायाले आलेला मी नाही पाह्यला कधी."

मी पाणी बंद करा म्हणून ओरडलो आणि हातांनी फेस ओढू लागलो. त्याने माझी बोटं काळी झाली आणि पुढे गणपती येऊन गेले तरी काळीच होती. दुपारपर्यंत फेस दगडासारखा झाला. बैल, फळी, चारही चाकं आणि आमच्या ओट्याची फरशी ही एकच वस्तू झाली. रॉकेल लावून झालं. कढत पाणी ओतून झालं. उकळत्या कुकरला दाद न दिलेल्या डिंकावर कढत पाण्याचा काय परिणाम होणार? खरं सांगायचं तर माझी निवड किती अचूक होती हे पाहून मला त्या क्षणी आत कुठेतरी अभिमान वाटला, आणि तो कोणाला बोलून दाखवता येईना. रोहित तोवर हर्षाला घेऊन हैदराबादहून आला होता. त्याने करवतीने चाकांच्या वरून कापू या म्हटलं. शालिकराम म्हणाले, पाय कापून बैल नेत नसते कोणी. मग ओटाच फोडायचा ठरत होतं. मी तयार होतो. उत्तरा नव्हती. शिवाय ओट्याचा तुकडा लागलेला बैल ट्रकवाला उचलणार नव्हता.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं, वस्तू कुठली, दार, खिडकी, की बागेतलं बाक? मी म्हटलं, बैल. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, बैल, पुढचा डावा पाय. तिच्याकडे बैलाचं कलम नव्हतं, तेव्हा तिने मला 'फर्निचर, इतर' यात घातलं. तक्रार काय विचारल्यावर मी म्हटलं की डिंक सुटत नाही. ती आनंदून म्हणाली, म्हणजे तुम्ही समाधानी आहात, आणि तिने माझी तक्रार अभिप्राय म्हणून नोंदवली.

संध्याकाळी शोभाताईंनी आमच्या ओट्यावर समितीची बैठक बोलावली. नियमाप्रमाणे नंदी तोरणाखालून चालत गेला पाहिजे. अचल नंदीची तरतूद नव्हती. एका सभासदाने हा नंदी बादच करावा असं म्हटलं आणि रुखमाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, त्यामुळे ती सूचना मागे घेण्यात आली. अखेर ठराव झाला की बैल तोरणाखाली येत नसेल तर तोरण बैलावर न्यावं. माझ्या फाटकापासून ओट्यापर्यंत आंब्याच्या पानांची तोरणं लागली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण रुपराव जाता जाता थांबले आणि म्हणाले, "शालिकभाऊले जाऊ द्याचं नव्हतं तर तोंडानं सांगाचं होतं न गा. बैल काहून चिटकवला?"

हे ऐकून मी हादरलो. मग कळलं की सबंध कॉलनीचं हेच मत होतं. मी रात्रीच्या जेवणाला बसून उत्तराला समजावून सांगितलं की ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे घोटाळे शोधले तो स्वतः कट करताना बाटली ओट्यावर ठेवून आंघोळीला जाईल का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ते जाऊ नयेत असं वाटतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, आमटी निवते आहे.

शालिकराम त्या सकाळनंतर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी ते पूजेचं ताट घेऊन आमच्याच ओट्यावर आले, बैलाला ओवाळलं, पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाला लावला आणि माझ्याकडे न बघता परत गेले. माझ्या घरी येऊन माझ्याशी अबोला धरलेला माणूस मी प्रथमच पाहिला, आणि मला तो सहन होईना. इतक्या वर्षांत आम्ही पाण्याच्या टाकीवरून, निवडणुकीवरून आणि पेरूच्या फांदीवरून भांडलो होतो, पण भांडायचो म्हणजे बोलायचो. रुखमाबाईंनी आत उत्तराला जे सांगितलं ते मला ऐकू यावं इतक्या आवाजात सांगितलं.

"दोघायनं मिळूनच केलं वं उत्तराबाई. एकानं डिंक वतला, एकानं पाणी. आता एकमेकाच्या तोंडाकडं पाहून नाही राहिले."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी शहरात मारबत नावाच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि लोक आपापली पीडा तिच्याबरोबर गावाबाहेर पाठवतात. रुपराव तिथे जाऊन माझ्या डिंकाच्या नावाने 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडून आले, पण फरक दिसला नाही. दुपारी कॉलनीतली सगळी पोरं आपापले नंदी ओढत आमच्या फाटकातून आली. हर्षा नऊवारी नेसून आजोबांच्या बैलावर ऐटीत बसली होती. बाकीच्यांना बोजाऱ्यासाठी घरोघर हिंडावं लागलं, तिला लोक जागेवर आणून देत होते. बैल चालत नाही यातच खरी मजा आहे असं तिने जाहीर केलं. तेव्हा शालिकराम माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्या छातीवरचा पाटा उतरला.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. बैलासाठी राखलेल्या जागेत रोहितने गाद्या भरल्या. शालिकराम एक सुताचं दावं घेऊन ओट्यावर आले, बैलाच्या मानेत अडकवलं आणि दुसरं टोक आमच्या खांबाला बांधलं. मी म्हटलं, शालिकराव, हा आता कुठे पळणार आहे?

"पळून जाईन म्हणून नाही बांधत दावं," ते म्हणाले. "त्याले कोनी हाय म्हणून बांधते."

मग गाडी वळली आणि गेली. डोळ्यांत काही तरी गेलं होतं वगैरे मी म्हणणार नाही. मला रडू आलं आणि मी ओट्यावर बसून रडलो, आणि उत्तराने कधी नव्हे ते काही सुनावलं नाही.

त्यानंतर दर रविवारी हैदराबादहून फोन यायचा. आधी बैलाची चौकशी, मग उत्तराची, मग वेळ उरला तर माझी. उन्हाळ्यात त्याला तडा तर गेला नाही ना, पावसात पाय हलतो का, तेल लावता का? मी सगळं नेमाने करत होतो. पाय हलत नव्हता. त्या ओट्यावरचं दुसरं सगळं हललं असेल, पाय नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. उजवा खांदा धरला होता, हात वर होत नव्हता. फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्यातून शालिकराम आणि रुखमाबाई उतरले. बोलावणं नाही, निरोप नाही. रुखमाबाई तडक आत स्वयंपाकघरात गेल्या आणि थोड्या वेळात आतून चण्याची डाळ निवडल्याचा आवाज येऊ लागला. शालिकरामनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी उत्तराकडून कढवलेलं तूप आणि हळद मागून घेतली, पळसाचं पान त्यात बुडवलं आणि बैलाचे खांदे चोळायला घेतले.

ही रीत मला ठाऊक नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलाचे खांदे पोळ्याच्या आदल्या दिवशी गरम तुपाने शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्याला रीतसर आमंत्रण देतात. शालिकराम लाकडी कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाटीत तूप उरलं होतं. त्यांनी खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, माझा सदरा मानेवरून खाली ओढला आणि तेच पळसाचं पान माझ्या धरलेल्या खांद्यावर चोळायला सुरुवात केली. मी दुखतंय म्हणालो. त्यांनी लक्ष दिलं नाही, बैलही आधी काही बोलला नव्हता. चोळून झाल्यावर ते माझ्या कानाशी वाकले.

"आज आवतन घ्या, मधुभाऊ. उद्या जेवाले या."

मी विचारलं, कोणाच्या घरी? तुमचं घर तर विकलं.

"माह्या घरी," ते म्हणाले. "इथंच."

मी आवतण घेतलं. दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून, अगदी वेळेवर, माझ्या घरी त्यांच्याकडे जेवायला गेलो.